विश्लेषण : गच्चीवरच्या आरशांचे गणित कुठे जमते, कुठे फसते?

लंडनच्या ईस्टचीप रस्त्यावर ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस उभी असलेली एक जग्वार मोटार उन्हाने वितळली. बाजूचा आरसा वाकडा झाला, पत्र्यालगतचे प्लॅस्टिक आणि कंपनीचे बोधचिन्हही आकार सोडून बसले. आग लागली नव्हती की कोणी घातपात केला नव्हता. रस्त्यापलीकडे बांधकाम सुरू असलेल्या ‘२० फेनचर्च स्ट्रीट’ या गगनचुंबी इमारतीची काचेची भिंत आतल्या बाजूला वळलेली होती. दिवसाच्या ठरावीक वेळी त्या भिंतीवर पडलेले ऊन रस्त्याच्या एका तुकड्यावर एकवटत होते. पुढच्या काही दिवसांत एका वार्ताहराने तिथल्या पदपथावर तवा ठेवून अंडे तळून दाखवले. मोटारी उभ्या करण्याच्या काही जागा बंद कराव्या लागल्या आणि २०१४ मध्ये इमारतीच्या त्या अंगाला उन्हाचे पट्टे अडवणारी आडवी झापे बसवावी लागली.

या इमारतीचे वास्तुविशारद राफाएल विन्योली यांच्याच आराखड्यानुसार अमेरिकेत लास वेगासला ‘व्हडारा’ हे हॉटेल उभे राहिले होते. तिथेही २०१० मध्ये वळलेल्या काचभिंतीचे ऊन तरणतलावाच्या काठावर एकवटल्याच्या आणि पाहुण्यांना चटके बसल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे ऊन एकवटणारी इमारत बांधणे अवघड नाही, ती चुकूनही बांधली जाते. अवघड आहे ते एकवटलेले ऊन कामाला लावणे. शहरांतील गच्च्या सध्या झपाट्याने सौरपॅनेलने भरत असताना हा प्रश्न मुद्दाम विचारण्यासारखा आहे, कारण एकदा बसवलेली यंत्रणा पुढची २०-२५ वर्षे ती जागा सोडत नाही.

ऊन एकवटते म्हणजे नेमके काय होते?

शाळेत भिंगाने कागद जाळलेल्या कोणालाही यातले मूळ तत्त्व ठाऊक असते. स्वच्छ आकाशाच्या दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण एक किलोवॉट इतकी सौरऊर्जा येते. ती सारी पाण्यात उतरवता आली तर एक लिटर पाणी पाचेक मिनिटांत उकळेल. पण ऊन पसरलेले असते. पत्रा, दगड, डांबर उन्हात तापतात, एका मर्यादेनंतर मात्र जितकी उष्णता घेतात तितकीच बाहेर टाकू लागतात. तापमान आणखी चढवायचे तर मोठ्या जागेवरचे ऊन छोट्या जागेवर आणून टाकावे लागते. परातीसारख्या खोलगट आरशाने, आरशांच्या लांब पन्हळीने किंवा भिंगाने हेच साधले जाते.

इथे दोन अडचणी येतात आणि पुढचे सगळे त्यांच्याभोवतीच फिरते.

पहिली अशी की, फक्त थेट सूर्याकडून येणारे किरणच एकवटता येतात. ढग, धूळ, बाष्प यांच्यामुळे विखुरलेला प्रकाश चहूबाजूंनी येतो, त्याला आरसा एका ठिकाणी आणू शकत नाही. पावसाळी दिवशी साधे सौरपॅनेल थोडीफार वीज देत राहते. आरशाची तबकडी मात्र जवळपास ठप्प होते. जून ते सप्टेंबर हा काळ महाराष्ट्राच्या बहुतेक भागात म्हणूनच तिच्यासाठी वाया जातो आणि मुंबईसारख्या दमट हवेच्या शहरात एरवीही तिचे काही प्रमाणात नुकसानच होते.

दुसरी अडचण सूर्याच्या चालीची. आकाशातले सूर्यबिंब जेमतेम अर्ध्या अंशाचे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे सुमारे दोन मिनिटांत सूर्य स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. तबकडी जागेवर खिळलेली असेल तर नाभीतला तेजाचा ठिपका तेवढ्याच वेगाने भांड्यावरून बाजूला जातो. लंडनच्या इमारतीला सूर्याचा पाठलाग करता येत नव्हता, म्हणून तिचा चटका दिवसातून थोडाच वेळ बसत असे. स्वयंपाकघराला ते चालत नाही.

घरांवर या तबकड्या का दिसत नाहीत?

वाळवंटातल्या मोठ्या प्रकल्पांत सूर्यामागे फिरणाऱ्या आरशांना जागा असते, पाया असतो, देखभालीला माणसे असतात. इमारतीच्या गच्चीवर यातले काहीच हक्काचे नसते. तिथे आधीच पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली, डिश अँटेना, कुठे मोबाइलचा मनोरा आणि वाळत घातलेले कपडे असतात. शेजारी उंच इमारत उभी राहिली की दुपारी तीननंतर सावली येते ती कायमचीच.

त्याहून मोठा प्रश्न वाऱ्याचा. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराबाबतच्या भारतीय मानकात मुंबई आणि नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पुण्यासाठी ३९. सेकंदाला ४४ मीटर वेगाचा वारा समोरून आला तर चौरस मीटरमागे साधारण ११६० न्यूटन दाब येतो. १६ चौरस मीटरच्या तबकडीवर तो पावणेदोन टनांच्या पुढे जातो. तबकडी म्हणजे शिडाचाच प्रकार. ती उलटू नये म्हणून गच्चीच्या स्लॅबमध्ये खोल बोल्ट ठोकायचे आणि ठोकले की पुढच्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या छताला ओल आली म्हणून सोसायटीच्या सभेत वाद. हा मुद्दा तांत्रिक अहवालांत क्वचित सापडतो, पण अशा यंत्रणेला नकार मिळण्याचे ते एक अगदी घरगुती कारण आहे.

शिवाय आरसा पुसावा लागतो. पॅनेलवर थोडी धूळ बसली तर वीज थोडी घटते. आरशावरच्या धुळीने किरण विखुरतात आणि विखुरलेला किरण नाभीत पोहोचतच नाही, त्यामुळे तोटा अधिक होतो. समुद्रकाठी खाऱ्या हवेने काचेमागचा चंदेरी थर खराब होतो तो वेगळाच.

शेफलर तबकडीने काय सोडवले?

ऑस्ट्रियात जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग शेफलर यांनी १९८० च्या दशकात केनियात काम करताना जो प्रश्न हाती घेतला तो खरे तर स्वयंपाकघराच्या रचनेचा होता. आधीच्या सूर्यचुलींत भांडे तबकडीच्या नाभीवर टांगलेले असे. तबकडी फिरली की भांडेही फिरणार आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईने भर उन्हात, डोळे दिपवणाऱ्या आरशासमोर उभे राहायचे. असे कोण रोज करील?

शेफलर यांनी पूर्ण परातीऐवजी एका मोठ्या अन्वस्त पृष्ठाचा बाजूचा तुकडा घेतला आणि तो पृथ्वीच्या आसाला समांतर अशा आसाभोवती फिरवला. फिरण्याचा वेग तासाला १५ अंश. नाभी याच आसावर असल्याने तबकडी दिवसभर फिरत राहते, तेजाचा ठिपका मात्र एकाच जागी राहतो. ऋतूप्रमाणे सूर्य उत्तर-दक्षिण सरकतो, त्यासाठी तबकडीची चौकट किंचित वाकवून तिचा आकारच थोडा बदलता येतो. परिणाम असा की आरसा बाहेर अंगणात किंवा छतावर आणि चूल भिंतीच्या आत. स्वयंपाकी सावलीत उभा राहतो. शेफलर यांनी ही रचना स्वामित्वहक्कात न अडकवता खुली ठेवली, त्यामुळे ती भारतातल्या छोट्या कार्यशाळांतही तयार होऊ लागली.

याची किंमतही मोजावी लागते. तुकडा तिरका असल्याने १६ चौरस मीटरची तबकडी प्रत्यक्षात ऋतूनुसार सुमारे ९ ते १४ चौरस मीटरचेच ऊन पकडते. विक्रेत्याच्या पत्रकात मात्र बहुधा १६ हाच आकडा असतो.

तिरुमला देवस्थानात २००२ मध्ये १०६ तबकड्यांची यंत्रणा बसली. दिवसाला सुमारे चार टन वाफ आणि १५ हजार जणांचा स्वयंपाक एवढ्या क्षमतेची ती आखली होती. महाराष्ट्रात शिर्डीच्या साई संस्थानाच्या प्रसादालयात जुलै २००९ मध्ये ७३ तबकड्यांचा प्रकल्प सुरू झाला. दिवसाला साडेतीन टन वाफेची त्याची आखणी होती. दोन्ही ठिकाणी तबकड्यांखाली थेट भांडी नाहीत. नाभीवरच्या लोखंडी ग्राहकात पाण्याची वाफ होते, ती नळांतून खाली मुदपाकखान्यात येते आणि मोठमोठ्या भांड्यांत भात-डाळ शिजते.

शिर्डीच्या रचनेत सर्वात शहाणपणाची गोष्ट आरशांत नाही, नळांच्या जोडणीत आहे. सौर वाफ आधीपासून असलेल्या बॉयलरच्या व्यवस्थेशीच जोडलेली आहे. ढग आले, रात्र झाली, उत्सवाला गर्दी वाढली तरी स्वयंपाक थांबत नाही; इंधन जास्त जळते इतकेच. तंत्रज्ञान नवे म्हणून स्वयंपाक्याने कामाची पद्धत बदलावी अशी अपेक्षा इथे कोणी ठेवली नाही. अशा यंत्रणा ज्या ठिकाणी भंगारात गेल्या तिथे बहुतेक वेळा नेमके याच्या उलट झालेले असते.

आणि लातूरचा ‘अरुण’?

मुंबईत आयआयटीचे प्राध्यापक शिरीष केदारे आणि ‘क्लिक’ या कंपनीने विकसित केलेल्या ‘अरुण’ या तबकडीने वेगळी वाट धरली. लातूरच्या महानंद दुग्धशाळेत २००६ मध्ये ती बसली, दुधाच्या पाश्चरीकरणासाठी लागणारी उष्णता देण्यासाठी आणि भट्टीचे तेल वाचवण्यासाठी. सुमारे १६० चौरस मीटरची ही एकच अवाढव्य तबकडी. तिचे आरसे एका सलग खोलगट पृष्ठावर नाहीत; सपाट तुकडे पायऱ्यापायऱ्यांनी सांगाड्यावर बसवले आहेत, त्यामुळे वाऱ्याला तुकड्यांमधून वाट मिळते. सगळा डोलारा एकाच खांबावर तोललेला असल्याने जमिनीवर जागा अगदी थोडी अडते. इथे नाभीवरचा ग्राहक तबकडीबरोबरच फिरतो, म्हणून तापलेले पाणी नेणाऱ्या नळांना फिरते सांधे द्यावे लागतात. दिल्लीच्या आयटीसी मौर्य या पंचतारांकित हॉटेलच्या छतावरही ‘अरुण’ चढली.

दुग्धशाळा हे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. दूध ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद तापवायचे असते. गरज रोजची, वर्षभराची, आणि तापमान फार चढे नाही. उष्णतेला तिथे कायमचे गिऱ्हाईक असते. घरगुती इमारतीत तसे नसते. कुटुंबाला वाफ लागते ती कुकरच्या तीन शिट्ट्यांपुरती. म्हणजे तबकडी ‘इमारतीसाठी’ योग्य आहे का हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या इमारतीसाठी, हे आधी ठरवावे लागते. वसतिगृहे, रुग्णालये, मोठी उपाहारगृहे, धर्मस्थळांची अन्नछत्रे, धुलाईगृहे यांना रोज ठरावीक वेळी १०० ते १८० अंशांची उष्णता हवी असते. रुग्णालयात शस्त्रक्रियेची उपकरणे १२१ किंवा १३४ अंशांच्या वाफेने निर्जंतुक करतात. गुजरातेत वडोदऱ्याजवळ गोरजच्या मुनी सेवा आश्रमाने तर शंभर शेफलर तबकड्यांच्या वाफेवर रुग्णालयाची वातानुकूलन यंत्रणा चालवून दाखवली. उष्णतेवर गारवा निर्माण करणारी यंत्रे त्यासाठी वापरली जातात. ऊन जितके कडक तितकी गारव्याची गरज जास्त, हा मेळ तिथे आपोआप बसतो.

काचेच्या भिंतींतून काही साधेल का?

गच्ची लहान आणि भिंती मोठ्या, ही उंच इमारतींची अडचण. दहा मजल्यांच्या इमारतीला गच्ची एकच असते, बाहेरचे पृष्ठ मात्र कितीतरी पट. म्हणून काही संशोधकांनी ऊन एकवटणारी यंत्रणा छतावरून काढून भिंतीत बसवण्याचा ध्यास घेतला.

त्यातली सर्वात लक्षवेधी कल्पना न्यूयॉर्क राज्यातील रेन्सेलेअर पॉलिटेक्निकमध्ये अ‍ॅना डायसन यांच्या चमूने मांडली. दोन काचांच्या मधल्या पोकळीत छोट्या पारदर्शक भिंगांची जाळी टांगायची आणि ती सूर्याबरोबर वळत राहील अशी व्यवस्था करायची. प्रत्येक भिंग थेट किरण नखाएवढ्या सौरघटावर टाकते. घट तापतो, ती उष्णता त्यामागून वाहणारे पाणी घेऊन जाते. म्हणजे वीजही मिळते आणि गरम पाणीही. विखुरलेला प्रकाश मात्र भिंगांमधून सरळ खोलीत येतो. वर ज्या मर्यादेचा उल्लेख केला, की आरसे-भिंगांना विखुरलेला प्रकाश पकडता येत नाही, तिचाच इथे फायदा करून घेतला आहे. कडक ऊन वीज करायला, सौम्य उजेड वाचायला. काचेच्या खोक्यासारखी कार्यालये बांधून मग दिवसभर पडदे ओढून दिवे आणि वातानुकूलन लावणाऱ्या शहरांना ही कल्पना मोहात पाडेल यात नवल नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातून किंवा हिंजवडीतून भर दुपारी एक चक्कर मारली तरी ते पटावे.

पण कल्पना देखणी असणे आणि ती बाजारात टिकणे यात अंतर असते. भिंतीत शेकडो हलते भाग म्हणजे बिघाडाच्या शेकडो जागा आणि त्या दुरुस्त करायला तिसाव्या मजल्यावर, काचेच्या आत पोहोचायचे. इमारत ५० वर्षे उभी राहते. हलते यंत्र तितके टिकत नाही. ज्या महागड्या बहुस्तरीय सौरघटांच्या भरवशावर हे गणित उभे होते ते प्रयोगशाळेत खरोखर थक्क करतात. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने २०२२ मध्ये ६६५ पट एकवटलेल्या प्रकाशाखाली ४७.६ टक्के कार्यक्षमता नोंदवली. गच्चीवरच्या नेहमीच्या पॅनेलची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आसपास असते. तरीही बाजार त्या २० टक्क्यांनीच जिंकला.

हलत्या भागांशिवाय ऊन एकवटण्याचा एक मार्ग रंगीत काचेचा. काचेत किंवा प्लॅस्टिकच्या तक्त्यात चमकणारी रंगद्रव्ये मिसळली की ती ऊन शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश सोडतात. त्यातला बराचसा तक्त्याच्या आतल्या आत परावर्तित होत कडांकडे सरकतो आणि कडांना लावलेले घट वीज करतात. ही कल्पना १९७० च्या दशकातली. २००८ मध्ये ७.१ टक्के कार्यक्षमतेची नोंद झाली, पण ती जेमतेम पाच सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्यावर. तक्ता मोठा झाला की प्रकाश वाटेतच पुन्हा शोषला जातो. नेदरलँड्समध्ये महामार्गाकडेला आवाज अडवणाऱ्या भिंतींत असे तक्ते लावून पाहिले गेले. ढगाळ हवेतही ते काम करतात, कारण त्यांना थेट किरणच हवेत असे नाही. खिडकी म्हणून ते सुंदर दिसतात, वीजकेंद्र म्हणून अजून नाही.

तिसरा मार्ग सर्वात साधा आणि तरीही दुर्लक्षित आहे : ऊन एकवटून वीज न करता उजेडच खोलीत न्यायचा. जपानमधील ‘हिमावारी’, म्हणजे सूर्यफूल, ही यंत्रणा छतावरच्या भिंगांनी ऊन पकडून काचतंतूंतून तळघरापर्यंत पोहोचवते. कडक उन्हात एक चौरस मीटरवर लाखभर ल्युमेन प्रकाश पडतो. निम्मा वाटेत हरवला तरी कार्यालयातली शंभर चौरस मीटर जागा उजळायला तो पुरतो. पण आजचे एलईडी दिवे इतके काटकसरी आहेत की तेवढ्या विजेसाठी एवढा खटाटोप कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

सौरपॅनेल इतके स्वस्त असताना हे हवे कशाला?

या विषयातला हाच खरा प्रश्न आहे आणि आरशांचे समर्थक त्याचे उत्तर देताना अनेकदा अडखळतात. गेल्या दीड दशकात सौरपॅनेलच्या किमती ९० टक्क्यांहून अधिक घसरल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छतांना तीन किलोवॉटपर्यंत ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. पॅनेलला हलता भाग नाही, पाठलाग नाही, वाफेच्या दाबाची भीती नाही आणि उरलेली वीज वीजवाहिनीत सोडता येते. उरलेली वाफ कोणाला विकणार?

‘आरसा उन्हातली ६० टक्के ऊर्जा वापरतो, पॅनेल केवळ २० टक्के’ ही तुलना जाहिरातींत हटकून असते. ती खरी असली तरी अर्धीच. समजा, एका वसतिगृहाच्या गच्चीवर १६ चौरस मीटरची एक शेफलर तबकडी बसवली. ती सरासरी ११ चौरस मीटरचे ऊन पकडते. स्वच्छ दिवशी थेट किरणांतून चौरस मीटरमागे पाचेक युनिट ऊर्जा येते आणि नळ, ग्राहक, सकाळचे तापणे यांतला तोटा वजा जाता निम्मी हाती लागते असे धरले, तर रोजची उष्णता २७ युनिटांच्या आसपास. एका १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधून शेगडीवरचा तोटा वजा जाता साधारण १४५ युनिट उष्णता भांड्यात उतरते. म्हणजे एक तबकडी स्वच्छ उन्हाच्या पाच-सहा दिवसांत एक सिलिंडर वाचवते. पण एकीची सावली दुसरीवर पडू नये म्हणून प्रत्येक तबकडीला तिच्या आकाराच्या साधारण दुप्पट जागा सोडावी लागते. त्याच ३० चौरस मीटरवर प्रचलित हिशेबाने तीन किलोवॉटची पॅनेले बसतात आणि रोज सुमारे १२ युनिट वीज देतात. सत्तावीस विरुद्ध बारा. तिप्पट नव्हे, दुपटीहून थोडा अधिक एवढाच खरा फरक. तोही फक्त तेव्हा, जेव्हा सगळी उष्णता त्याच दिवशी वापरली जाते. रविवारी खानावळ बंद, मे महिन्यात वसतिगृह रिकामे, आणि ऊन मात्र मेमध्येच सर्वात कडक.

अंघोळीच्या पाण्यासाठी तर आरशांची गरजच नाही. ६० अंशांचे पाणी साधे सौर बंब देतात आणि पॅनेलच्या विजेवर चालणारा हीट पंप एका युनिटात सुमारे तीन युनिटांची उष्णता उचलून आणतो. त्यामुळे ८० अंशांच्या खाली आरसे हरतात. वीज करण्याच्या कामातही ते शहरात हरले आहेत, हे मान्य करायला हवे. उरतो तो मधला पट्टा : १०० ते २०० अंश, रोजची मागणी, मोठे छत, शेजारी उंच इमारत नाही. सोलापूर, लातूर, नगर, धुळे, जळगाव अशा कोरड्या हवेच्या जिल्ह्यांत ही परिस्थिती मुंबईपेक्षा कितीतरी अधिक जुळते. धुळ्यातच प्रा. अजय चांडक यांनी सपाट आरशांच्या पट्ट्यांची, स्थानिक कार्यशाळेत जोडता येईल अशी ‘प्रिन्स’ सूर्यचूल विकसित केली होती हे इथे आठवावे.

या पट्ट्याच्या खालच्या टोकाला आणखी एक तडजोड उपलब्ध आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रोलंड विन्स्टन यांनी १९७० च्या दशकात असे आरसे मांडले जे सूर्याची प्रतिमा बनवण्याच्या फंदात पडत नाहीत. ते आकाशाच्या बऱ्याच मोठ्या भागातून येणारे किरण नळीकडे वळवतात. निर्वात नळ्यांच्या मागे असे आरसे बसवले तर ऊन दीड-दोन पटच एकवटते, पण काहीही न फिरवता १०० अंशांच्या पुढचे तापमान गाठता येते आणि विखुरलेल्या प्रकाशाचाही काही वाटा मिळतो. गच्चीला शोभणारी यंत्रणा हीच. ती दिसायला साधी असते आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात तबकडीइतकी उठून दिसत नाही, हा तिचा मोठा दोष म्हणायचा.

अनुदान कशाला द्यायचे?

देशात अशा यंत्रणांना केंद्राचे साहाय्य मिळत आले ते प्रामुख्याने बसवलेल्या आरशांच्या चौरस मीटरवर. साहजिकच पुरवठादाराचे लक्ष आरसे बसवण्यावर राहिले. ते तीन वर्षांनी पुसले जातात का, सूर्यामागे फिरवणारी मोटर बिघडल्यावर सुटा भाग मिळतो का, स्वयंपाकघरात खरोखर किती वाफ गेली, याची जबाबदारी कोणाची हे कागदावर स्पष्ट राहिले नाही. वीज मोजायला प्रत्येक घरात मीटर असतो. वाफ मोजायचा मीटर बसवण्याची गरज मात्र फारशी कोणाला वाटली नाही. अनुदानाचा काही भाग पहिल्या दोन-तीन वर्षांत मोजून दिलेल्या उष्णतेवर ठेवला असता, तर चांगला पुरवठादार तगला असता आणि उरलेले आपोआप गळाले असते.

नव्या इमारतींचे आराखडे मंजूर होताना अग्निशमन, पार्किंग, पर्जन्यजल यांची विचारणा होते. काचेची भिंत आत वळलेली असेल तर वर्षभरात ती कुठल्या तासाला, कुठल्या पदपथावर ऊन एकवटेल, हे संगणकावर काही तासांत काढता येते. हाच हिशेब गच्चीवर कोणत्या महिन्यात कुठे सावली पडेल तेही सांगतो. आणि गच्चीत पुढे कधी जड यंत्रणा बसवायची असेल तर बोल्ट, नळांच्या वाटा आणि जलरोधक थर बांधकामावेळीच करून ठेवणे स्वस्त पडते, नंतर स्लॅब फोडणे महाग.

सध्या एखादे रुग्णालय किंवा वसतिगृह अशी यंत्रणा घेण्याचा विचार करत असेल, तर दरपत्रक मागवण्याआधी त्याने वर्षभरात महिन्यागणिक किती सिलिंडर लागले त्याची नोंद काढावी आणि पावसाळ्याचे चार महिने त्यातून वेगळे करावेत. उरलेल्या आठ महिन्यांतले सिलिंडर सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत किती जळतात, हा आकडा स्वयंपाकघरातल्या मुकादमाला विचारावा. भात रात्रीच शिजत असेल तर आरसे घेऊ नयेत. दिवसा शिजत असेल, तर करारात आरसे पुसणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार तेवढे लिहून घ्यावे.